कलम गेले, पण जुना शिक्का कोण पुसणार?

नोकरी विमानतळावरची असो की आखातातली, पोलीस व्हेरिफिकेशन लागतेच, हे पनवेलच्या आपल्या घरांना सांगायला नको. जुनी केस निघाली की काम अडते. म्हणूनच भारतीय दंड संहितेच्या कलम 377 चा एक अर्धवट राहिलेला प्रश्न आम्ही इथे मांडतो आहोत.

इंग्रजांनी 1860 साली आणलेल्या या कलमात दोन प्रौढांच्या संमतीलाही काही किंमत नव्हती. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर हे कलमच नाही. पण ज्यांना आधीच शिक्षा झाली, त्यांचे काय? त्याच निकालात न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिले की, चालू खटल्यांत या निकालाचा आधार घेता येईल, मात्र निकाली निघालेले खटले पुन्हा उघडणार नाहीत. म्हणजे गुन्हा संपला, गुन्हेगार मात्र कायम!

ब्रिटनने 2017 मध्ये मृतांना सरसकट माफी दिली आणि हयात असलेल्यांसाठी अर्जाची सोय ठेवली. जर्मनीने त्याच वर्षी शिक्षा रद्द करून प्रत्येक शिक्षेमागे 3,000 युरो भरपाई ठरवली. आपल्याकडे असा कायदा नाही. राज्यपालांची माफी आहे, पण तिने शिक्षा माफ होते, नोंद पुसण्याची हमी मिळत नाही.

एक अडचण खरी आहे. बालकांवरील अत्याचार आणि बळजबरीही याच कलमाखाली यायची. त्या शिक्षा कायमच राहिल्या पाहिजेत. त्यामुळे प्रत्येक केसचे कागद तपासूनच निर्णय व्हावा.

या संबंधांबाबत इस्लामची भूमिका स्पष्ट आहे, ती बदला असे इथे कोणी म्हणत नाही. पण गुनाह आणि सरकारी गुन्हा या दोन गोष्टी आहेत. लोकांच्या खासगी गोष्टी शोधत फिरू नका, ही ताकीद सूरह हुजुरातमध्येच आहे.

मालेगाव 2006 च्या स्फोट प्रकरणात अटक झालेले मुस्लिम तरुण 2016 साली दोषमुक्त झाले. दहा वर्षांचा डाग काय असतो, हे आपल्या समाजाला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही. जो गुन्हाच उरला नाही, त्याची नोंद माणसाच्या मागे मरेपर्यंत लावू नये. हा इन्साफ आपण फक्त आपल्यापुरता मागू शकत नाही.