वीस मार्कांचे कान

शर्टाची किंमत किती? पर्याय तीन. ए : एकोणीस पौंड पंधरा पेन्स. बी : नऊ पौंड अठरा पेन्स. सी : नऊ पौंड पंधरा पेन्स.

उत्तर सी. चीनमधल्या कॉलेजात जाणाऱ्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, तो हेच सांगेल. तिकडच्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत, म्हणजे गाओकाओत, इंग्रजीच्या ऐकण्याच्या भागात आधी एक नमुना प्रश्न ऐकवतात. वर्षानुवर्षं तोच. महागाई आली नि गेली, शर्ट मात्र नऊ पौंड पंधरा पेन्सवर ठाम. तिकडच्या नेटकऱ्यांनी त्यावर इतके जोक केलेत, की तो शर्ट आता सेलिब्रिटी आहे.

मला त्या शर्टापेक्षा त्यामागचा हिशेब जास्त इंटरेस्टिंग वाटला. नव्या नॅशनल पेपरात इंग्रजी दीडशे मार्कांचं. त्यातलं ऐकणं ३०, वाचन ५०, भाषेचा वापर ३० आणि लेखन ४०. म्हणजे निम्म्याहून जास्त पेपर 'समजलं का?' एवढंच विचारतो. ऐकण्याचे वीस प्रश्न, प्रत्येकी दीड मार्क. पहिले पाच छोटे संवाद फक्त एकदा ऐकवतात, पुढचे लांबलचक दोनदा. त्या वेळी शेजारच्याला शिंक आली तर तुमचा दीड मार्क गेला! २०२४ मध्ये या परीक्षेला १ कोटी ३४ लाख मुलांनी नावं नोंदवली होती. त्यामुळे जूनमध्ये परीक्षा केंद्रांभोवती हॉर्न बंद, बांधकामं बंद, सगळं शहर चिडीचूप. दक्षिण कोरियाची तर कमालच. तिथे इंग्रजी ऐकण्याच्या पस्तीस मिनिटांत विमानं उतरत नाहीत आणि उडतही नाहीत.

आता जरा इकडे या. आपल्याकडे कान कुठे असतो? तर दहावीच्या त्या वीस मार्कांमध्ये.

ऐंशी लेखी, वीस तोंडी आणि अंतर्गत. मराठी मीडियमवाल्यांना हे पाठच असेल. माझी दहावी २०१३ ची. इंग्रजीची तोंडी परीक्षा म्हणजे 'मायसेल्फ'वर पाच वाक्यं, एखादी कविता घडाघडा, आणि मॅडम जे विचारतील त्याला 'येस मॅडम'. वर्गात सोळाच्या खाली कुणी गेल्याचं मला आठवत नाही. मॅडम प्रेमळ होत्या हे खरंच. पण मूळ फंडा असा की शाळा आपलीच, मुलंही आपलीच आणि मार्क देणारा हातही आपलाच. मग प्रसाद वाटावा तसे मार्क वाटले जातात, आणि प्रसाद कुणाला कमी द्यायचा नसतो.

गंमत म्हणजे एकदा हा प्रसाद बंद करून बघितलाय आपण. २०१८-१९ ला नववी-दहावीच्या भाषा विषयांचे हे वीस मार्क काढून टाकले आणि शंभर मार्कांची सरळ लेखी परीक्षा घेतली. मार्च २०१९ च्या दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता! अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, त्यामुळे सगळं खापर वीस मार्कांवर फोडता येणार नाही. पण ओरड झाली ती त्यांचीच. इतर बोर्डांच्या मुलांना अंतर्गत मार्क मिळणार आणि आपली मुलं अकरावीच्या प्रवेशात मागे पडणार. मुद्दा बरोबर होता. सरकार बधलं, मार्क परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के. (त्या वर्षी कोविडमुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला होता, हेही लक्षात ठेवा.)

तेव्हा मी नुकतीच लिहायला लागले होते, त्यामुळे त्या बातम्या रोज चाळायचे. कटऑफवर सगळे बोलत होते. मंत्री, पालक, क्लासवाले, संपादकीयं. वीस मार्कांमुळे मुलांना काही ऐकायला-बोलायला येतं का, हा प्रश्न मात्र माझ्या वाचनात कुठे आला नाही. मार्क हवेत की नकोत एवढाच वाद, आणि ते कशाचे आहेत याची चौकशी शून्य.

वाचनाचं निदान कुणीतरी मोजतं. 'प्रथम'च्या 'असर' पाहणीत २०२३ साली खेड्यापाड्यातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना इंग्रजी वाक्यं वाचायला दिली होती. ५७.३ टक्के मुलांनी वाचली. ज्यांनी वाचली, त्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. आकडा आनंदाचा नाही, पण आकडा तरी आहे. ऐकण्याचा असा आकडा मला सापडला नाही.

म्हणून मग मी खुटबावला गेले. म्हणजे तशीही जाणारच होते, आत्याकडे. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत आणि मग खुटबाव. ऊस, गुऱ्हाळं, हिवाळ्यात हवेत गुळाचा वास. ज्यांचं वीकेंड म्हणजे फक्त मॉल आणि मल्टिप्लेक्स, त्यांनी एकदा जाऊन काकवी चाखावी. (हा सल्ला फुकट.)

आत्याच्या ओट्यावर चार मुली जमवल्या. माझी आतेबहीण दहावीला, तिच्या दोन मैत्रिणी, आणि शेजारची एक अकरावीतली. सगळ्या मराठी मीडियमच्या, सगळ्या पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्याची ही फळं. गाओकाओच्या सरावाचा एक पेपर मी प्रिंट काढून नेला होता, ऑडिओ मोबाइलवर. याला सर्व्हे वगैरे म्हणू नका. चार मुली, एक ओटा आणि मधूनमधून म्हैस.

आधी वाचन. पहिला उतारा जाहिरातीसारखा होता. कुठला कोर्स कधी, फी किती वगैरे. पोरींनी तो दहा मिनिटांत उडवला, सगळ्यांची जवळपास सगळी उत्तरं बरोबर. मी सॉलिड इम्प्रेस! मग त्या हे कसं करतात ते बघत बसले. प्रश्नातला एक ठळक शब्द पकडायचा, उताऱ्यात तो शब्द शोधायचा, सापडला की त्याच्या आजूबाजूची ओळ म्हणजे उत्तर. बोट ठेवून, तांदूळ निवडावेत तशी शोधाशोध. शेवटच्या उताऱ्यात मात्र लेखकाला नक्की काय म्हणायचंय असा प्रश्न आला आणि बोट फिरत राहिलं. तो शब्द उताऱ्यात नव्हताच.

"ताई, हे आउट ऑफ सिलॅबस आहे," अकरावीवाली म्हणाली.

मग ऐकणं. मी म्हटलं, एकदाच लावणार, तिकडे एकदाच लावतात. पहिला संवाद झाला आणि चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसरा झाला. तिसऱ्याला आतेबहिणीनं पेन खाली ठेवलं. पाच संवाद संपले तेव्हा एकीची दोन उत्तरं बरोबर होती, बाकीच्यांचं एकेक, आणि तेही अंदाजपंचे. एकीनं कागदाच्या कडेला देवनागरीत 'पिकिटप' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. मला ते काही क्षण एखाद्या पक्ष्याचं नाव वाटलं. ते होतं 'पिक इट अप'.

हा सगळा घोळ त्या 'पिकिटप'मध्येच आहे. आपण इंग्रजी शिकतो ते डोळ्यांनी. कागदावर शब्दाशब्दांत मोकळी जागा असते, बोलण्यात नसते. बोलणारा सगळं एकात एक ओवतो, छोटे शब्द गिळतो, आणि एखाद्याच शब्दावर जोर देतो. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचा मान देऊन बोलतो. म्हणून कानाला शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. आणि कागदावरची शब्दशोधाची ट्रिक इथे चालत नाही, कारण आवाजावर बोट ठेवता येत नाही. तो गेला की गेला.

हे पडताळायला मी तेच पाच संवाद स्वतः वाचून दाखवले. माझं इंग्रजी अस्सल सदाशिव पेठी, 'व्हॉट इज द टाइम' चार स्वच्छ तुकड्यांत. आता तीन मुलींची चार-चार उत्तरं बरोबर आली आणि चौथीची पाचही! म्हणजे शब्द येत होते, व्याकरण येत होतं, अर्थही लागत होता. त्या वेगाचा आणि त्या आवाजाचा कानाला सरावच नव्हता. दहा वर्षं इंग्रजी शिकून या पोरींनी इंग्रजी ऐकलंय ते फक्त वर्गातल्या सरांचं, आणि सरांनी त्यांच्या सरांचं.

आत्या आतून चहा घेऊन आली. "आगं, त्या चायनाच्या पोरांचं हितं कशाला? हितल्या पोरींनी काय चायनाला जायचंय व्हय?"

चायनाला कशाला, हडपसरला जायचं असतं ना! त्याचं उदाहरण आत्याच्या घरातच आहे. माझा आतेभाऊ रोज गाडीनं हडपसरला जातो, परदेशी कस्टमर्सचं काम करणाऱ्या एका कंपनीत. (नाव महत्त्वाचं नाही, अशा पन्नास आहेत.) बीकॉम फर्स्ट क्लास. मेल वाचतो, चोख उत्तर लिहितो, त्याच्या ड्राफ्टचे टीममध्ये नमुने फिरतात. ट्रेनिंगनंतर त्याला फोनवर बसवलं आणि तीन आठवड्यांत उठवलं. आता तो नॉन-व्हॉइसला आहे. व्हॉइसवाल्यांना महिन्याला वेगळा भत्ता मिळतो, याला नाही. टीम लीडच्या पोस्टला कॉल घ्यावे लागतात, त्यामुळे तो अर्जच करत नाही.

"मला काय येत नाही असं नाही, ताई," तो म्हणाला. "समोरचा 'पार्डन' म्हणाला तर मी परत सांगतो. पण मीच चौथ्यांदा 'पार्डन' म्हटलो ना, की पलीकडचा माणूस हसतो. मग पुढचं काहीच ऐकू येत नाही."

कॉन्फरन्स कॉलवर म्यूट करून बाजूच्याला "काय म्हणाला रे तो?" असं कितीदा विचारलंय, हे आपापल्या मनाशी मोजा. आणि कॉल संपल्यावर 'कॅन यू प्लीज सेंड इट ऑन मेल' लिहिणारे आपल्यातले किती, तेही. आयईएलटीएस दिलेल्यांना तर हा झटका फी भरून बसतो. चाळीस प्रश्न आणि रेकॉर्डिंग एकदाच. तेव्हा कळतं की वीसपैकी अठरा म्हणजे नक्की किती.

चीनचं फार कौतुक करायची गरज नाही. त्यांच्याकडे 'मुकं इंग्रजी' असा शब्दच आहे, वाचता येतं, बोलता येत नाही अशा मुलांसाठी. त्यावर उपाय म्हणून ली यांग नावाच्या गृहस्थानं 'क्रेझी इंग्लिश' काढलं होतं, स्टेडियममध्ये हजारो लोकांनी एका सुरात इंग्रजी ओरडायचं. ऐकण्याच्या भागाचेही तिथे रट्टे मारतात, पर्यायांचे पॅटर्न पाठ करतात. परीक्षा आली की क्लासवाले आलेच, ते काय फक्त लक्ष्मी रोडला असतात असं थोडंच आहे! पण बीजिंगनं २०२१ पासून ऐकणं-बोलणं मिळून पन्नास मार्कांची वेगळी कॉम्प्युटरवरची परीक्षा केलीय. म्हणजे मुकेपण मोजायला तरी त्यांनी सुरुवात केली. आपल्याकडे ते अठरा मार्कांच्या गोधडीखाली गाढ झोपलंय.

आपल्याला सगळं तसंच करायची गरज नाही. वीसांतले पाच मार्क एका रेकॉर्डिंगला द्या. बोर्डानं एकच ऑडिओ सगळ्या शाळांना पाठवायचा, वर्गात एक स्पीकर लावायचा, पाच प्रश्न. आवाज भारतीय असू देत, एखादा परदेशी. उत्तरपत्रिका दुसऱ्या शाळेत तपासायला. लाइट जाईल, फुटेल, व्हॉट्सॲपवर आधीच फिरेल... मान्य. लेखी पेपरांचंही हे सगळं होतं, म्हणून आपण लेखी परीक्षा बंद केली नाही. आणि पाच मार्क खरे असले ना, की शाळांमध्ये रेकॉर्डिंग वाजायला लागेल. मार्क नसलेली गोष्ट आपल्याकडे वर्गात शिरत नाही, हे काय मी सांगायला हवं?

खुटबावच्या पुढचंच स्टेशन केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. या रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात हंटर कमिशनपुढे साक्ष दिली ती मराठीत. मग त्या १८८३ ला इंग्लंडला गेल्या, इंग्रज बायकांमध्ये राहिल्या, आणि १८८६ पासून अमेरिकेत गावोगाव इंग्रजीतून भाषणं देत हिंडल्या. चार वर्षांत! बुद्धी अफाट होतीच, पण ती भाषा सतत कानावरही पडली होती.

निघताना आतेबहिणीनं माझ्याकडून सगळी रेकॉर्डिंग्ज घेतली. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. ती आता वेग कमी करून ऐकते, मग तेच पूर्ण वेगात. भाऊही गाडीत हेडफोन लावून तेच ऐकतो, पण घरी सांगायचं नाही अशी ताकीद आहे. यवत ते हडपसर दोन पेपर होतात म्हणे. फेब्रुवारीत तिची तोंडी आहे. त्यात काय विचारणार, असं मी विचारलं.

"मायसेल्फ," तिनं लिहिलं. "सरांनी लिहून दिलंय."