घर बांधतो कोण?

काणकोण तालुक्यातील चावडी येथे ४ जानेवारी २०१४ रोजी, शनिवारी दुपारी, बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत क्षणार्धात कोसळली आणि तिच्याखाली एकतीस माणसांचा अंत झाला. मेले ते बहुतेक सारे पोटासाठी परप्रांतांतून आलेले मजूर होते. ढिगारा उपसण्यासाठी लष्कराच्या जवानांना पाचारण करावे लागले आणि ते काम कित्येक दिवस चालले. ती इमारत काही रानात, काळोखात, चोरून उभी राहत नव्हती. तालुक्याच्या मुख्य ठिकाणी, नगरपालिकेच्या हद्दीत, लोकांच्या डोळ्यांदेखत तिचे मजले चढत होते. चौकशी बसली, गुन्हे नोंदविले गेले, विधानसभेत आणि वृत्तपत्रांत चार दिवस गदारोळ झाला आणि मग सारे पूर्ववत शांत झाले. बैल गेला आणि झोपा केला, अशी म्हण आहे. आम्ही तेवढेही केले नाही.

त्या दुर्घटनेनंतर परवाना कोणी दिला, सही कोणाची, नकाशा कोणी मंजूर केला, हे प्रश्न पुष्कळ विचारले गेले. ते विचारलेच पाहिजेत. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबला लागलेल्या आगीत पंचवीस माणसे दगावली, तेव्हाही पहिला प्रश्न परवान्याचाच निघाला. परंतु बांधकामाच्या बाबतीत याहून मूलभूत असा एक प्रश्न आहे आणि तो विचारण्याची आमच्या व्यवस्थेला सवयच नाही. तो म्हणजे, ही इमारत बांधणारा कोण आहे? त्याला हे काम येते, असे कोणी पाहिले आहे काय? आणि त्याच्या हातून काही विपरीत घडले, तर भरपाई देण्याची त्याची ऐपत आहे काय?

आपल्याकडे घर बांधावयाचे झाले, तर मालकाची पायपीट किती होते, हे सांगावयास नको. एक-चौदाचा उतारा, नकाशे, नगरनियोजन खात्याची मान्यता, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला, शुल्काच्या पावत्या, एवढे सारे घेऊन तो पंचायतीच्या पायऱ्या झिजवितो. १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्यान्वये खेड्यात पंचायतीची आणि १९६८ च्या नगरपालिका कायद्यान्वये शहरात पालिकेची परवानगी घेतल्यावाचून पाया खणता येत नाही. नकाशावर नोंदणीकृत अभियंत्याची किंवा वास्तुशिल्पीची सही लागते. रस्त्यापासूनचे अंतर, उंची, चटईक्षेत्र, सारे मोजले जाते. म्हणजे कागदावरच्या घराची परीक्षा होते. परंतु ते घर कागदावरून जमिनीवर ज्याच्या हातून उतरणार, त्या कंत्राटदाराची परीक्षा कोणीही घेत नाही. काल दुसऱ्याच्या हाताखाली सेंट्रिंग ठोकणारा मनुष्य आज चार फळ्या आणि एक मिक्सर भाड्याने आणून चार मजल्यांचे कंत्राट घेऊ शकतो. त्याला अडविणारा कोणताही नियम खाजगी बांधकामांच्या बाबतीत आम्हांस दिसत नाही.

याउलट सरकार स्वतःचे काम देते तेव्हा किती दक्ष असते, ते पाहण्यासारखे आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याचा पूल किंवा शाळा बांधावयाची, तर कंत्राटदाराची खात्यात नोंदणी हवी, त्याच्या कुवतीप्रमाणे वर्गवारी हवी, अनामत हवी आणि काम पुरे झाल्यावर ठराविक मुदतीपर्यंत दोष निस्तरण्याची हमी हवी. सरकारी तिजोरीच्या रक्षणासाठी जी दक्षता आवश्यक ठरते, ती सामान्य माणसाच्या जन्माच्या पुंजीसाठी अनावश्यक कशी, याचा उलगडा आम्हांस होत नाही. त्याच घरात विजेची तार ओढावयाची, तर परवानाधारक विद्युत कंत्राटदारच लागतो. तारेला परवाना, पण ती तार जिच्यातून जाते त्या स्लॅबला नाही! आणि जो ट्रक चिरे घेऊन येतो, त्याला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. विम्यावाचून तो रस्त्यावर येऊ शकत नाही. तेच चिरे उतरून त्यांची भिंत झाली आणि ती शेजाऱ्याच्या अंगणात कोसळली, तर मात्र विम्याचे नाव नाही.

कोणी म्हणेल, मजुरांसाठी कायदे आहेतच. आहेत, पुष्कळ आहेत. पण त्यांची जाळी अशी विणलेली आहे की लहान मासा तीतून नेमका निसटतो, आणि इथे लहान मासा म्हणजे मजूरच. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने वीस किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या कंत्राटदारालाच परवान्याची सक्ती केली होती. नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या संहितेने ती मर्यादा पन्नासावर नेली. गावात घरे बांधणाऱ्या मेस्ताजवळ आठ-दहा माणसे असतात. तो तेव्हाही बाहेर होता आणि आजही बाहेरच आहे. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकर वसूल होतो. परंतु त्या निधीचा लाभ नोंदणी झालेल्या कामगाराला. विजापूर, झारखंड किंवा ओडिशा येथून हंगामापुरता आलेला, आज म्हापशात तर उद्या मडगावात असणारा मजूर नोंदणीच्या खिडकीपर्यंत पोचतोच असे नाही.

नुकसानभरपाईची कथा तर अधिकच विचित्र आहे. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेले तत्त्व असे की कामावर अपघात झाल्यास मालकाने भरपाई द्यावी. आणि ज्याने आपल्या धंद्याच्या कामासाठी दुसऱ्याला कंत्राट दिले, त्यानेही ती जबाबदारी घ्यावी. येथे 'आपल्या धंद्याच्या कामासाठी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्वतःच्या राहत्या घरावर मजला चढविणारा शिक्षक किंवा कारकून काही घरबांधणीचा धंदा करीत नाही. म्हणून परातीवरून पडलेल्या गवंड्याची विधवा त्याच्याकडे कायद्याने बोट दाखवू शकत नाही. ज्याच्याकडे दाखवू शकते, तो मेस्त स्वतःच हातावर पोट असलेला. त्याच्याकडून वसुली करावयाची कशाची? त्याच्या करणी-ओळंब्याची? कायद्याने हक्क दिला. पण तो वठविण्यासाठी लागणारा पैसा कोणाच्याच खिशात ठेवला नाही. विमा म्हणतात तो नेमका यासाठी असतो.

घरमालकाची आणि फ्लॅटधारकाची स्थिती याहून फारशी बरी नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधणीत दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु तो कायदा पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील किंवा आठाहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पांना लागू. शिवाय दोष निघेपर्यंत कंपनीच गुंडाळली गेली असेल, तर हक्क कागदावर राहतो. याच कायद्याच्या सोळाव्या कलमात प्रकल्पाच्या जमिनीचा आणि बांधकामाचा विमा उतरविण्याची तरतूद आहे. मात्र राज्य सरकार जो विमा अधिसूचित करील, तोच सक्तीचा. म्हणजे किल्ली राज्य सरकारच्या हाती आहे. ती कुलपात फिरविली नाही, तर कलम पुस्तकात शोभेसाठीच राहणार.

जगात अन्यत्र हा प्रश्न सोडविला गेला आहे. चावडीची दुर्घटना ४ जानेवारीची, हे वर आलेच आहे. योगायोग असा की त्याआधी बरोबर छत्तीस वर्षे, ४ जानेवारी १९७८ रोजी, फ्रान्सने एक कायदा केला. घर बांधणाऱ्यावर त्याच्या बांधणीची दहा वर्षे जबाबदारी आणि त्या जबाबदारीचा विमा काम सुरू होण्यापूर्वीच सक्तीचा, असे त्याचे सार. या व्यवस्थेतील मर्म पैशात नाही, नजरेत आहे. ज्या विमा कंपनीला उद्या भरपाई द्यावी लागणार, ती आज स्वतःच्या पैशाच्या काळजीपोटी कंत्राटदार कसा आहे, पाया कसा आहे, सळ्या किती आहेत, हे पाहून घेते. सरकारी निरीक्षक डोळेझाक करू शकतो, कारण पडझड झाली तर पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत. विमा कंपनीचे तसे नसते.

पोर्तुगालमध्येही कंत्राटदाराला बांधकामासाठी सरकारचा 'अल्वारा' घ्यावा लागतो आणि लहान कामे करणाऱ्यांसाठी त्याहून सोपे प्रमाणपत्र आहे. अल्वारा हा शब्द गोमंतकीयांस नवीन नाही. त्यांच्या अल्वारा जमिनींचे झगडे आपण अजूनही निस्तरीत आहोत. त्यांची सत्ता आम्ही १९६१ मध्ये घालविली, ते योग्यच केले. परंतु आपल्या देशातील घर कोणी बांधावे, याचा विचार त्यांनी स्वतःच्या नागरिकांसाठी केला असेल, तर स्वतंत्र गोव्याने आपल्या नागरिकांसाठी तो का करू नये?

आमची सूचना साधी आहे. बांधकाम परवाना देताना पंचायतीने किंवा पालिकेने तीन कागद मागावेत. पहिला, कंत्राटदाराच्या नोंदणीचा. दुसरा, त्या कामावरील प्रत्येक मजुराच्या अपघात-भरपाईच्या विम्याचा. तिसरा, शेजाऱ्याच्या आणि वाटसरूच्या नुकसानीसह त्या बांधकामाच्या विम्याचा. कंत्राटदाराचा सर्वजोखीम विमा म्हणून जो ओळखला जातो, तो आपल्या विमा कंपन्या आजही देतात. हे तीन कागद पुरे होईपर्यंत कुदळ पडू नये आणि विमा चालू असल्याची खात्री झाल्यावाचून भोगवटा दाखला मिळू नये. कंत्राटदाराचे नाव, नोंदणी क्रमांक आणि विम्याची मुदत कामाच्या जागी, रस्त्यावरून वाचता येईल अशा मराठी-कोंकणी फलकावर लिहिलेली असावी.

यावर आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो. पहिला आक्षेप असा की आणखी एक परवाना म्हणजे लाच खाण्याचे आणखी एक खिंडार. हा आक्षेप खोटा म्हणण्याचे धाडस पंचायतींचा कारभार पाहिलेला कोणीही करणार नाही. म्हणूनच आम्ही कंत्राटदाराला परवाना देण्याचा अधिकार सरपंचाच्या हाती देऊ इच्छीत नाही. नोंदणी राज्यपातळीवर व्हावी, तिची यादी सर्वांना पाहता यावी, ती देण्याचे निकष आणि मुदत ठरलेली असावी. एकशे एक्क्याण्णव ग्रामपंचायतींनी फक्त पडताळणी करावी. कागद आहे किंवा नाही, एवढेच ज्याने पाहावयाचे, त्याच्यापाशी विकण्यासारखे फारसे उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे आणि तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. गावोगावचे मेस्त आणि गवंडी, ज्यांनी पदवी न घेता पिढ्यान्‌पिढ्या चिऱ्याची घरे आणि देवळे उभारली, त्यांचे काय? मोठ्या शहरांतील कंपन्यांना रान मोकळे करून देण्यासाठी त्यांना हुसकावून लावावयाचे काय? मुळीच नाही. तळमजल्याच्या आणि एक मजल्याच्या घरांसाठी त्यांची नोंदणी नाममात्र शुल्कात, त्यांनी केलेली कामे पाहून, मराठीत किंवा कोंकणीत तोंडी परीक्षा घेऊन व्हावी. पदवीची अट नसावी. खरे पाहता या नोंदणीने त्यांचाच मान वाढेल. आज कसबी मेस्त आणि कालचा भुरटा ठेकेदार हे दोघे एकाच रांगेत उभे आहेत आणि मालक त्यांतून जो स्वस्त तो निवडतो. उंच इमारती, डोंगर कापून केलेली बांधकामे आणि खाजण जमिनीलगतची कामे यांसाठी मात्र वरच्या वर्गाची नोंदणी आणि दीर्घ मुदतीची दोषहमी हवीच. ज्या प्रदेशात जूनपासून चार महिने आभाळ फाटते, तेथे कापलेल्या दरडीखाली काम करणारा कोण आहे, हे पाहिलेच पाहिजे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. विम्याचा हप्ता अखेर घरमालकाच्याच माथी बसेल, हे खरे. परंतु पायाभरणीचा नारळ, वास्तुशांतीचे जेवण, चतुर्थीपूर्वी घरात जाण्यासाठी केलेली घाई, या सर्वांसाठी आपण खर्च करतोच. आपल्या घराच्या पायात कोणाच्या संसाराचा बळी जाणार नाही, एवढ्या शाश्वतीसाठी चार पैसे अधिक मोजणे जड जाऊ नये. ज्यांना ते खरोखरच जड आहे, अशा अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचा हप्ता बांधकाम उपकराच्या निधीतून भरता येईल का, याचा सरकारने विचार करावा. मजुरांच्या संरक्षणासाठी जमलेला पैसा मजुरांच्याच विम्यासाठी वापरण्यात अनुचित काही नाही.

हे सर्व करावयाचे, तर पंचायत राज आणि नगरपालिका कायद्यांच्या नियमांत दुरुस्ती हवी आणि ती सरकारच करू शकते. परंतु सरकार हालण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आमच्या ग्रामसभा अलीकडे जाग्या झाल्या आहेत. मोठ्या प्रकल्पांचे नकाशे त्या मागून घेतात, पाणी आणि रस्ते यांविषयी जाब विचारतात. त्यांनी येत्या बैठकीपासून एक प्रश्न अधिक विचारावा. गावात जे बांधकाम चालू आहे, ते बांधतो कोण आणि त्याच्या मजुरांचा विमा आहे काय? पंचायत सचिवाला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर ते तसेच इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. चावडीला जे एकतीस गेले, त्यांच्यावर छत कोसळण्यापूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता, तर कदाचित ते आज आपापल्या गावी असते.