भिंतीवरचा औषधनिर्माता



आपल्या गावातील कोणत्याही औषधाच्या दुकानात, ज्यास आपण सर्वजण 'मेडिकल' म्हणतो, पाऊल टाकले असता भिंतीवर काचेच्या चौकटीत एक नोंदणीपत्र टांगलेले दृष्टीस पडते. त्यावर एका नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे नाव असते आणि क्रमांक असतो. परंतु ते नाव ज्याचे आहे तो गृहस्थ पुष्कळदा त्या दुकानातच काय, त्या तालुक्यातही नसतो. दरमहा ठराविक रक्कम घेऊन आपली सनद दुसऱ्याच्या भिंतीस भाड्याने देण्याचा हा व्यवहार इतका रूढ झाला आहे, की त्याची लाज देणाऱ्यास वाटत नाही, घेणाऱ्यास वाटत नाही, आणि ज्याच्या जिवावर तो चालतो त्या गिऱ्हाइकास तर त्याची वार्ताही नसते. हे पत्रक त्या गैरहजर गृहस्थाविरुद्ध आहे; आणि जो हजर असूनही तोंड उघडत नाही, त्याच्याविरुद्ध अधिक आहे.

ज्या व्याधीत काहीच दुखत नाही, त्या व्याधीचे औषध वर्षानुवर्षे नेमाने घेणे हे मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध आहे. दाढ ठणकू लागली तर मध्यरात्री दुकानाचे दार ठोठावणारा मनुष्य रक्तदाबाची गोळी मात्र तीन महिन्यांत सोडून देतो, कारण त्यास बरे वाटत असते. आणि बरे वाटते ते गोळीमुळे, की गोळीवाचूनही वाटले असते, हे सांगणारे इंद्रिय ईश्वराने मनुष्यास दिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे तीस ते एकोणऐंशी या वयातील सुमारे १८ कोटी ८० लक्ष भारतीयांस उच्च रक्तदाब आहे. त्यांपैकी शेकडा ३० जणांचा औषधोपचार चालू आहे आणि शेकडा १५ जणांचाच रक्तदाब ताब्यात आहे. म्हणजे ज्यांस निदान झाले, ज्यांनी चिठ्ठी घेतली, गोळ्या विकत आणल्या, त्यांच्यातही निम्म्यांच्या पदरी अपयशच आहे. या अपयशात वैद्यांचा वाटा नाही असे नव्हे. रक्तदाब चढलेला दिसत असूनही तीच मात्रा पुढे चालू ठेवण्याची सवय दवाखान्यांतही आहे. पण घरात आणलेली गोळी पोटात जाते की नाही, हे वैद्यास सहा महिन्यांनी कळते. दुकानदारास, त्याने डोळे उघडे ठेवले तर, तिसाव्या दिवशीच कळते.

१९४९ साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर काय परिणाम होतो हे रुग्णांवर पारखून आपले निष्कर्ष एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक देऊन त्यांचा गौरव झाला. त्या पिढीस औषध नाही ही सबब तरी होती. आज अॅम्लोडिपिनसारखी गोळी जनऔषधी केंद्रात थोडक्या रुपयांत पट्टीभर मिळते, आणि तरीही रक्तदाबामुळे येणाऱ्या अर्धांगवायूचे रुग्ण रुग्णालयांत येतच आहेत. तेव्हा उणीव औषधाची राहिलेली नाही. ते देणाऱ्याच्या बोलण्याची आहे.

लोक गोळी का सोडतात, याची कारणे दुकानाच्या फळीपुढे दहा मिनिटे उभे राहिल्यास कोणासही समजतील. कोणास वाटते की गोळीची सवय लागते, म्हणून ती अधूनमधून बंद ठेवलेली बरी. कोणी एकादशीस आणि नवरात्रात पोट रिकामे असते म्हणून घेत नाही. लघवी वाढवणारी गोळी ज्यास लिहून दिली आहे, तो एस.टी.चा प्रवास असला की ती घरीच ठेवतो, आणि ज्याच्या मागे लग्नसराईचा किंवा बाजाराचा फेरा आहे त्याचे प्रवासाचे दिवस काही थोडे नसतात. अॅम्लोडिपिनने पाय सुजतात, रामिप्रिलने कोरडा खोकला लागतो. या दोन्ही गोष्टींवर वैद्याजवळ दुसरे औषध असते, परंतु रुग्ण वैद्याकडे परत जातच नाही, तो गोळी सोडतो आणि खोकल्याचे औषध त्याच दुकानातून घेऊन जातो, आणि ते देणारा हात हा खोकला कोठून आला हे विचारीत नाही. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो. मग एखादी आजीबाई जुनी पांढरी आणि नवी गुलाबी अशा एकाच औषधाच्या दोन गोळ्या इमानाने घेत राहते, किंवा ही आपली नव्हेच म्हणून नवी टाकून देते. गुडघेदुखीवर डायक्लोफिनॅक मागणाऱ्यास ते रक्तदाब चढवू शकते असा इशारा कोणी देत नाही. आणि क्लोनिडीनसारखे औषध एकाएकी बंद केल्यास रक्तदाब उसळून पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो, हे ज्यास ठाऊक असायलाच हवे तो तर भिंतीवर टांगलेला आहे.

कोणी म्हणेल, की एवढे सगळे विचारणे हे दुकानदाराचे काम नव्हे. तर कायदा काय म्हणतो तो पाहू. १९४८ च्या फार्मसी अधिनियमाच्या कलम ४२ प्रमाणे वैद्याच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यासच आहे. त्यापुढे जाऊन भारतीय फार्मसी परिषदेने २०१५ साली व्यवसायाचे जे विनियम प्रसिद्ध केले, त्यांत चिठ्ठी हाती आल्यावर औषधनिर्मात्याने रुग्णास काय काय समजावून सांगावे याची तपशीलवार तजवीज आहे: औषधाचे नाव, ते कसे व किती घ्यावे, संभाव्य दुष्परिणाम, साठवण, पुन्हा औषध केव्हा घ्यावयाचे, आणि एखादी मात्रा चुकली तर काय करावे. आपणांपैकी किती जणांस कोणत्याही दुकानात आजवर सांगण्यात आले, की सकाळची गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत? हे ऐकणे हा आपला हक्क आहे, आणि तो कागदावर येऊन दहा वर्षे केव्हाच होऊन गेली.

बोलल्याने काय होते, याविषयी आता तर्काची आवश्यकता उरलेली नाही. २००६ साली वॉशिंग्टनच्या एका लष्करी रुग्णालयातील प्रयोग प्रसिद्ध झाला. पासष्टी ओलांडलेल्या दोनशे रुग्णांस औषधनिर्मात्यांनी औषधे समजावून दिली, वेळेप्रमाणे ती बांधून दिली, पुन्हा पुन्हा भेटून विचारपूस केली; तेव्हा औषधे घेण्याचे प्रमाण शेकडा ६१ वरून ९७ च्या घरात गेले. मला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. सहा महिन्यांनंतर निम्म्यांची ही व्यवस्था काढून घेण्यात आली, आणि तेच रुग्ण, ज्यांस सर्व काही समजले होते, ते घसरून ६९ वर आले. ज्यांची व्यवस्था चालू राहिली ते ९५ च्या वरच राहिले. तेव्हा एकदा उपदेश करून भागत नाही, रुग्णाचा पिच्छा पुरवावा लागतो. लॉस एंजेलिस परगण्यात तर औषधनिर्माते ५२ केशकर्तनालयांत जाऊन बसले, कारण तेथील कृष्णवर्णीय पुरुष दवाखान्यात जात नसले तरी न्हाव्याकडे नेमाने जात; सहा महिन्यांत त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, आणि ज्यांस न्हाव्याने केवळ उपदेश केला त्यांचा ९ अंकांनी. तेथील औषधनिर्मात्यांस वैद्यांशी करार करून मात्रा बदलण्याची मुभा होती. ती येथे द्यावी असे हे पत्रक म्हणत नाही. मात्रा वैद्यानेच ठरवावी. विचारपूस करावयास मात्र कोणाचा परवाना लागतो?

आपल्याच राज्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत सरकारी आरोग्य केंद्रांतून २०१८ च्या सुमारास रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात रुग्णाची नोंद ठेवणे, महिन्याचे औषध एकदम देणे आणि न येणाऱ्याचा शोध घेणे हीच मुख्य कामे होती. केंद्रातील परिचारिका जे करू शकते, ते नाक्यावरचा औषधनिर्माता का करू शकत नाही?

तो म्हणतो, मला परवडत नाही. या हरकतीत तथ्य आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. सरकारने ज्यांची किंमत बांधली आहे अशा औषधांवर किरकोळ विक्रेत्यास शेकडा १६ चा नफा ठरवून दिलेला आहे, आणि पलीकडच्या चौकात व भ्रमणध्वनीवर २० टक्के सूट देणारे बसले आहेत. आपणही चिठ्ठी हाती धरून प्रथम सूटच विचारतो, औषधाविषयी नव्हे. तथापि हाच हिशोब दुसऱ्या बाजूने मांडून पाहावा. रोजची एक गोळी घेणारा मनुष्य वर्षास ३६५ गोळ्या नेतो, तीन महिन्यांत सोडणारा ९० नेतो. नोंदवहीत नाव आणि गोळ्या संपण्याची तारीख लिहून, ती उलटली की एक फोन करणे, यात कोणाचे दिवाळे वाजेल? वीस वर्षे येत राहणाऱ्या गिऱ्हाइकास मुकून मिनिटभर वाचवणारा व्यापार आमच्या बुद्धीस तरी कळत नाही.

म्हणून नागरिकांनी पुढच्या खेपेस औषध घेताना औषधनिर्माता कोण, हे विचारावे. तो नसेल तर केव्हा येतो हे विचारून त्याच वेळी जावे. घरातील सर्व गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णे आणि दुखण्यावरची औषधे यांसकट, एका पिशवीत घालून त्याच्यापुढे मांडाव्यात. जेथे कोणी कधीच हजर नसतो, त्या दुकानाविषयी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज करून पोच घ्यावी. राज्याच्या फार्मसी परिषदेने सनद भाड्याने देणाऱ्यांची नावे दरवर्षी जाहीर करावीत. आणि शासनाने, ज्या औषधनिर्मात्याने रक्तदाबाच्या रुग्णास वर्षभर नेमाने औषधावर ठेवले त्यास प्रत्येक रुग्णामागे काही मोबदला द्यावा. इंग्लंडात नवे औषध सुरू झालेल्या रुग्णाची अशी विचारपूस करणाऱ्या दुकानांस सरकारी आरोग्यसेवा २०११ पासून पैसे मोजीत आहे. अर्धांगवायूच्या एका रुग्णावर रुग्णालयात जो खर्च होतो, त्यापुढे ही रक्कम मामुली ठरेल. तरीही ती मंजूर करण्यास ज्या खात्याची हरकत असेल, त्याने ती कारणांसह लेखी कळवावी.