थिजणारे तूप, वाहते तेल

बिबवेवाडीला लागूनच गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. तेथील तेल-तुपाच्या पेढ्यांवर रंग, वास आणि कणी पाहून मालाची पारख होते. पारखीची आणखी एक रीत दहावीच्या विज्ञानात शिकविली जाते. ती पदार्थाच्या रेणूपर्यंत पोहोचते.

तेल आणि तूप यांच्या रेणूंत कार्बनच्या लांब साखळ्या असतात. साखळीतील सर्व कार्बन अणू एकेरी बंधांनी जोडलेले असतील तर ती संपृक्त. कोठे दुहेरी बंध असेल तर असंपृक्त. संपृक्त साखळ्या सरळ असल्याने एकमेकींना बिलगतात, म्हणून तूप थिजते. दुहेरी बंधापाशी साखळी वाकते, म्हणून करडईचे तेल थंडीतही वाहते.

एका परीक्षानळीत तेल आणि दुसरीत गरम पाण्यात धरून पातळ केलेले वनस्पती तूप सारख्या प्रमाणात घ्यावे. दोहोंत आयोडीन टिंक्चरचे सारखेच थेंब टाकून हलवावे. दुहेरी बंध आयोडीनला सामावून घेतो, म्हणून तेलातील रंग अधिक फिका पडतो. ब्रोमीनच्या पाण्याने हाच फरक चटकन दिसतो; परंतु ब्रोमीन दाहक असल्याने तो प्रयोग शिक्षकांसमोरच व्हावा. तपासलेला नमुना खाण्यात येऊ देऊ नये.

तेल उद्योगात हीच गोष्ट आकड्यात मोजतात. १०० ग्रॅम तेल जितके ग्रॅम आयोडीन शोषते, ते त्याचे आयोडीन मूल्य: खोबरेलाचे सुमारे ८, शेंगदाणा तेलाचे ९०, करडईचे १४०.

मात्र ही चाचणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते. निकेलच्या सान्निध्यात तेलाशी हायड्रोजनचा संयोग घडवून वनस्पती तूप बनते. ही क्रिया अर्धवट थांबविली तर उरलेल्या काही दुहेरी बंधांपाशी असलेला वाक सरळ होतो आणि हृदयास घातक असा ट्रान्स मेद तयार होतो. टिंक्चरच्या रंगावरून तो कळत नाही. भारतात १ जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा २ टक्के आहे.

साजूक तुपातील भेसळही या रंगावरून ठरत नाही, कारण साजूक आणि वनस्पती या दोन्ही तुपांत काही दुहेरी बंध असतातच. यासाठीच वनस्पती तुपात तिळाचे तेल मिसळण्याचा नियम झाला. फरफ्युरल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या बॉदोइन चाचणीत तिळाचे तेल गुलाबी-लाल रंग दाखविते आणि भेसळ उघडी पडते.

अस्सल म्हणून नकली माल देणे, म्हणजेच प्रतिरूपक व्यवहार, हा तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. गिऱ्हाईक डबा पाहते. आतील रेणू त्याला दिसत नाही. तेथे त्याचा आधार व्यापाऱ्याचा शब्दच असतो.