चाचा रिटायर झाले, चाची कधी होणार?

आमच्या शेजारचे चाचा-चाची उमराह करून आले, तेव्हा आम्ही मोहल्ल्यातल्या बायका भेटायला गेलो. हॉलमध्ये पुरुषमंडळी, आतल्या खोलीत आम्ही. झमझमचं पाणी, खजूर, तसबीह, सगळं रीतसर झालं. काबा पहिल्यांदा नजरेस पडला तेव्हाचं चाचीनं सांगितलं आणि सगळ्यांचे डोळे भरले. मग ती चहा टाकायला उठली. मी मागोमाग गेले. "चाची, तू बस, मी करते," म्हटलं, तर ऐकेना. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करत हळूच म्हणाली, "बेटा, एक सांगू? पंधरा दिवस मला कुणीतरी ताट वाढलं. टूरवाल्यांचा आचारी होता. मी नुसती जाऊन बसायचे." एवढं बोलून ती लाजली. जणू काही गुन्हा कबूल केला.

चाचीचं वय सदुसष्ट. चाचा हायस्कूलमधून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, त्याला आता बारा वर्षं होतील. त्यांच्या निरोप समारंभाला मी होते. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि प्रत्येक वक्त्याचं तेच वाक्य: आता सरांनी निवांत राहावं. चाची बाजूच्या खुर्चीत बसली होती. तिलाही शाल मिळाली. त्याच संध्याकाळी घरी पाहुणे आले आणि ती शाल घडी करून कपाटात ठेवून चाची तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली. बारा वर्षं झाली, अजून उठलेली नाही.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. अठ्ठेचाळीस वर्षांचे साडेसतरा हजार दिवस होतात. दिवसाला दोन जेवणं धरली तर पस्तीस हजार. बाळंतपणं आणि माहेरपण वजा करा, ईदच्या आणि लग्नाच्या दावती मिळवा, हिशेब तिथंच येतो. एवढी नोकरी केल्यावर सरकार पेन्शन देतं. आपण काय देतो? "तुझ्या हातची चव कुठंच नाही" हे प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र म्हणजे उद्याच्या कामाची ऑर्डर असते, हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणारीलाही.

आपल्याकडं एक वाद नेहमी चालतो. रिटायर झालेल्या नवराबायकोनं बाहेर किती वेळा खावं? महिन्यातून एकदा ठीक, आठवड्यातून एकदा म्हणजे उधळपट्टी, आणि त्याहून जास्त म्हणजे म्हातारपणी जिभेचे चोचले. परवा व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरत होता: हॉटेलच्या जेवणानं घरातली बरकत जाते. पाठवणारे एक निवृत्त गृहस्थच होते. मला त्यांना विचारावंसं वाटलं, साहेब, ही बरकत टिकवायला सकाळी सहाला कोण उठतं?

माझं म्हणणं एवढंच आहे. किती वेळा बाहेर खाल्लं हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न हा की, ज्या घरातला एक माणूस निवृत्त झाला त्या घरातला दुसरा का झाला नाही? याचं उत्तर दिल्याशिवाय घरच्या जेवणाचे गोडवे गाण्याचा अधिकार कुणाही पुरुषाला नाही.

आकडे सरकारचेच आहेत. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात गेलेली दिसतात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. त्याआधीच्या २०१९ च्या सर्वेक्षणात दिवसभरात घरकामाला थोडा तरी हात लावणारे पुरुष होते २६ टक्के, बायका ८१ टक्के. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं याच २०१९ च्या आकड्यांचा आधार घेऊन म्हटलं की गृहिणीच्या कामाला पैशांत मोल आहे. खटला कसला होता माहीत आहे? रस्ता अपघातात मेलेल्या जोडप्याच्या नुकसानभरपाईचा. म्हणजे बाईच्या स्वयंपाकाची किंमत निघाली, पण ती मेल्यावर.

आता बाहेर खाण्याविरुद्धचे आक्षेप एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप इसराफचा. खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, अशी कुरआनची ताकीद आहे आणि ती मला मान्य आहे. पण ती उधळपट्टीबद्दल आहे, पत्त्याबद्दल नाही. घरी खाल्लं म्हणजे काटकसर आणि बाहेर खाल्लं म्हणजे इसराफ, हे त्यात कुठं आहे? आमच्या गावात दोन माणसांच्या साध्या थाळीचे चारशे रुपये होतात. आठवड्यातून एकदा गेलं तर महिन्याला सोळाशे-सतराशे. या रकमेला इसराफ म्हणणारे लोक मुलाच्या वलिम्याला हजार माणसांची बिर्याणी करतात आणि निम्मी ताटं अर्धी टाकलेली उठतात. तिथं बरकत आठवत नाही. कारण तिथं नाव होतं, आणि चारशे रुपयांच्या थाळीत फक्त बायकोला सुट्टी मिळते.

पैशाचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. चाचांना जुनी पेन्शन आहे. माझ्यासारख्या १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना ती नाही, आणि निवृत्तीनंतरचा हिशेब आम्हाला आतापासून करावा लागतो. ज्यांच्याकडं पेन्शनच नाही, मासळी विकून किंवा मुलानं आखातातून पाठवलेल्या पैशांवर भागतं, त्यांना चारशे रुपये मोठे आहेत. पण मग पैसे नसतील तर नवऱ्यानं डाळ-भात लावावा. कुकरला पेन्शन लागत नाही. ज्याला परवडत नाही तोही बायकोला एक दिवस देऊ शकतो, त्याची किंमत फक्त एका पुरुषाचा एक तास आहे.

दुसरा आक्षेप तब्येतीचा. हा मी सगळ्यात गंभीरपणे घेते. साठीनंतर कुणाला बीपी, कुणाला शुगर. हॉटेलच्या भाजीत तेल आणि मीठ जास्त असतं हे खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. रोज बाहेर जेवणाऱ्याचा तो चमचा दुपारीच संपेल. म्हणून रोज बाहेर खा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण आपलं घरचं ताटही एकदा पाहा ना. सुकट, लोणचं, पापड, आणि रमजानमध्ये महिनाभर रोजची तळलेली भजी-समोसे. तेव्हा बीपी कुठं जातं? आणि तब्येत फक्त खाणाऱ्याची मोजायची का? गुडघे गेलेली बाई ओट्यापाशी दोन-दोन तास उभी राहते, ती तब्येत कुणाच्या हिशेबात?

तिसरा आक्षेप हलालचा. शंका असेल तिथं खाऊ नये, हे बरोबर. पण आपल्या वस्तीच्या आसपास आपल्याच लोकांची हॉटेलं आहेत, आणि नसतील तिथं माशांची थाळी आहे, साधी शाकाहारी थाळी आहे. मित्रांबरोबर मुंबईला गेल्यावर मोहम्मद अली रोडवर रात्री बारा वाजता नल्ली निहारी खाताना जो प्रश्न पडत नाही, तो बायकोला न्यायचं म्हटलं की नेमका पडतो. तेव्हा अडचण हलालची नसते. बाई मौजेसाठी चारचौघांत बसलेली दिसते, ही अडचण असते. १९८२ मध्ये जळगावात मुस्लिम बायकांनी सिनेमाला जायचं नाही, असं फर्मान निघालं होतं, आणि रझिया पटेल त्याविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या. फर्मानं आता निघत नाहीत. आता नुसतं "कशाला उगाच" म्हटलं की काम भागतं.

चौथी गोष्ट आक्षेप नाही, समजूत आहे: रांधणं हा बायकोचा फर्जच आहे. मी आलिम नाही, पण आपल्या कोकणातल्या बहुतेक मुसलमानांची फिक्ह शाफई आहे, आणि शाफई उलमांचं प्रसिद्ध मत काय आहे ते तुमच्या मशिदीतल्या मौलानांना जरूर विचारा. निकाहच्या करारानं स्वयंपाक, दळण, धुणं बायकोवर बंधनकारक होत नाही, असं ते मत आहे. हनफी उलमा त्याला दीनी जबाबदारी मानतात, पण काझीनं तिच्यावर सक्ती करावी असं म्हणत नाहीत. उलट, जी आजारी आहे किंवा जिच्या माहेरी बायका स्वतः रांधत नाहीत, तिला नवऱ्यानं तयार जेवण आणून द्यावं, हेही तिथं येतं. नफका, म्हणजे खाऊ घालण्याची जबाबदारी, नवऱ्याची आहे. हजरत आयेशांना विचारलं गेलं की रसूलुल्लाह घरात काय करायचे, तेव्हा त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असायचे आणि नमाजची वेळ झाली की निघायचे. ही हदीस बुखारीत आहे. दाढीची सुन्नत, मिसवाकची सुन्नत आपल्याला पाठ आहे. घरकामाची सुन्नत मात्र आपण अगदी अदबीनं कपाटात ठेवली आहे, चाचीच्या शालीशेजारी.

संसार फिक्हच्या कलमांवर चालत नाही, हे मलाही कळतं. तो रीतीनं चालतो, समजुतीनं चालतो. चाचा बाहेर कमवायचे, चाची घर बघायची, ही वाटणी होती आणि त्या वाटणीत एक न्याय होता. पण चाचांच्या बाजूचं काम संपलं. वाटणीतला एक भाग संपल्यावर उरलेला भाग पुन्हा वाटायचा असतो. साधं गणित आहे. सातवीच्या मुलांना मी यापेक्षा अवघड शिकवलेलं आहे.

आता शेवटचं, आणि सगळ्यात अवघड. "पण तिलाच आवडतं." हे पूर्ण खोटं नाही. माझ्या अम्मीला स्वयंपाकघरात दुसरं कुणी आलेलं खपायचं नाही. कित्येक बायकांना आयुष्यात हुकूम चालवायला तेवढी एकच खोली मिळाली. ती काढून घेतली तर हातात काय उरेल, ही भीती खरी आहे. मुलं दुबई-कुवेतला, सुना मुंब्र्याला, एवढ्या मोठ्या घरात दोनच माणसं. भाकरी थापणं हा दिवस ढकलण्याचा आधारही असतो. म्हणून तिच्या हातातून पोळपाट हिसकावून घ्या, असं मी म्हणत नाही. पण आवड कशाला म्हणायचं? जे न करण्याची मोकळीक असताना माणूस करतो, ती आवड. चाचीला पंधरा दिवस मोकळीक मिळाली आणि ती काय म्हणाली ते तुम्ही वर वाचलं. तिनं काब्यानंतर दुसरी गोष्ट ती सांगितली. आणि लाजून सांगितली, हे मला जास्त लागलं.

"दोघांचंच तर करायचं असतं," असंही म्हणतात. मासे दोघांसाठी साफ करा नाहीतर सहांसाठी, बसावं तेवढंच लागतं. नारळ खवायचाच, तवा तापवायचाच, ओटा पुसायचाच. माणसं कमी झाली म्हणून सेहरीला पहाटे उठायची वेळ पुढं सरकत नाही.

मग करायचं काय? मी दोनच गोष्टी मागते. आठवड्यातून एक दिवस चूल बंद. जुम्मा नको, त्या दिवशी बिर्याणी असते आणि बिर्याणी म्हणजे डबल ड्युटी. बुधवार घ्या, सोमवार घ्या. त्या दिवशी बाहेर जा, नाहीतर बचत गटाच्या बायकांकडून डबा मागवा. त्यांनाही चार पैसे मिळतील. दुसरी गोष्ट, रिटायर झालेल्या माणसानं रोजचं एक जेवण आपल्या नावावर घ्यावं. नाश्ता घ्या, निदान सेहरी घ्या. "मदत करतो" म्हणू नका. मदत दुसऱ्याच्या कामात करतात.

हे फक्त चाचांना उद्देशून नाही. मी सेहेचाळीस वर्षांची आहे. बारा वर्षांनी मलाही शाल मिळेल आणि मी शाळेतून निवृत्त होऊन थेट ओट्यापाशी रुजू होईन, कारण दोन्ही नोकऱ्या आजही मीच करते आणि आजपर्यंत मी कधी तोंड उघडलं नाही. माझा मुलगा दहावीत आहे. त्याला डाळ लावता येत नाही, हा दोष त्याचा नाही, माझा आहे. या रमजानच्या आत तो शिकणार आहे.

उमराहनंतर दोन महिन्यांनी मी चाचांशी बोलले. ते माझे शिक्षक होते, त्यामुळं धीर करायला दोन महिने लागले. ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तिनं कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, "सर, तुम्ही कधी विचारलंत?"

पुढच्या बुधवारी ती दोघं हायवेवरच्या हॉटेलात गेली. फॅमिली रूममध्ये बसली. चाचीनं नंतर सांगितलं की सुरमई घरच्यासारखी नव्हती, मीठ जास्त होतं, आणि बिल बघून तिला कसंतरीच झालं. मी विचारलं, मग आवडलं नाही का? ती म्हणाली, "भाकरी गरम होती गं. पहिलीच भाकरी माझ्या ताटात आली."

तुमच्या घरी आज पहिली भाकरी कुणाच्या ताटात गेली?