शरीराचे रक्षक : ताटात की बाटलीत?

उघडे राहिलेले सुके खोबरे काही दिवसांनी खवट होते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. हा हवेतील प्राणवायूचा प्रताप होय. तोच प्राणवायू आपल्या पेशींत अन्नाचे ज्वलन करून आपणांस शक्ती देतो. परंतु त्या व्यवहारात काही अस्थिर कणही जन्मास येतात. त्यांच्या ठायी एखादा इलेक्ट्रॉन जोडीवाचून उरलेला असतो. ही ‘मुक्त मूलके’ शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतात. मग तो रेणूही तसाच लुटारू बनतो. वार्धक्याचे मूळ येथेच असावे, असे डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली मांडले. तथापि आपल्या श्वेतपेशी रोगजंतूंना मारण्यासाठी याच मूलकांचा उपयोग करतात. म्हणून त्यांचा समूळ नाश नव्हे, तर त्यांवर अंकुश हवा.

हे कार्य ‘प्रतिऑक्सिडीकारक’ द्रव्ये करतात. स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ती ही साखळी तोडतात. काही द्रव्ये शरीर स्वतःच निर्माण करते. क जीवनसत्त्व मात्र अन्नातूनच मिळवावे लागते. ते आवळ्यात व पेरूत विपुल असते. भुईमुगात ई जीवनसत्त्व आहे. आम्हां कोंकणी घरांतील सोलांचा तांबडा रंगही याच रक्षकांपैकी एक आहे.

मग यांच्या गोळ्याच का घेऊ नयेत? आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील निपाणी तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. विडीच्या प्रत्येक झुरक्यासरशी असंख्य मुक्त मूलके फुप्फुसांत शिरतात. ‘विडी ओढावी आणि वर गोळी घ्यावी’ हा विचार कोणालाही सुचेल. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर असाच प्रयोग झाला. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन काहींना गोळ्यांतून वर्षानुवर्षे देण्यात आले. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो विपरीतच! ते घेणाऱ्यांत फुप्फुसांचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. जे द्रव्य भाजीत बेताने व इतर द्रव्यांच्या संगतीने येते, तेच एकटे व अतिरिक्त प्रमाणात घेतल्यास हितकारक ठरेलच असे नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वैद्याने सांगितल्यावाचून महागड्या बाटल्यांच्या मागे लागू नये. तो पैसा भाजीपाल्यावर व ऋतूतील फळांवर खर्चावा. आणि विद्यार्थी मित्रहो, तंबाखू पिकविणारा शेतकरी व विड्या वळणाऱ्या माताभगिनी यांच्या कष्टांविषयी मनात आदर अवश्य बाळगा; परंतु विडीला मात्र कधीही स्पर्श करू नका. घरातील वडीलधाऱ्यांनाही नम्रपणे, पण पुनःपुन्हा, हेच विनवा.