घोडा शेडमध्ये, नोटीस मालकाच्या दारात

कासारवाडीला आज मेट्रो थांबते. इथल्या पोरांना नांगरलेले रान दाखवायचे तर चाकण, खेड, मावळकडे न्यावे लागते. तिकडेही ट्रॅक्टर आला आणि बैल गेले, दुधाच्या भावाने गोठे रिकामे केले, कोंबडीच्या शेड ओस पडल्या. आता शहरातला पाहुणा बांधावर गाडी थांबवून विचारतो, "शेड भाड्याने देता का? घोडे ठेवायचेत, मुलांना घोडेस्वारी शिकवायचीय."

माझे मत आहे, जरूर द्यावी. घोडा आपल्याला परका नाही. आपल्या घाटात बैलगाड्याच्या पुढे घोडीच धावते. त्या शर्यती 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू करू दिल्या आणि मे 2023 च्या निकालाने राज्याचा कायदाही मान्य केला. माऊलींच्या रिंगणात अश्व धावतो, सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. पिकाने न दिलेले चार पैसे छपराने दिले तर त्यात लाज कसली?

पण सही करण्याआधी कायदा समजून घ्या. जमीन महसूल संहिता 1966 च्या हिशेबाने शेतातली इमारत म्हणजे अवजारे, खत, वैरण, माल ठेवायची, गुरे बांधायची, घरच्यांनी आणि गड्यांनी राहायची जागा. ती तुमच्या शेतीशी जोडलेली हवी. फी घेऊन घोडेस्वारी शिकवली की तो धंदा झाला आणि वापर अकृषिक ठरू शकतो. कलम 44 अकृषिक परवानगीचे. ती न घेता वापर बदलला तर कलम 45 खाली दंड होतो, शिवाय जागा पूर्ववत करण्याचा हुकूम निघू शकतो. पाहुणा घोडे गाडीत घालून निघून जाईल. सातबारावर नाव तुमचे, नोटीसही तुमच्याच दारात. 2014 पासून या कलमांत बरेच बदल झाले. विकास आराखड्यातल्या जमिनीला वेगळी वाट आहे. म्हणून गट कोणत्या विभागात येतो ते महापालिकेत किंवा पीएमआरडीएत लेखी विचारा. तलाठ्याचे तोंडी "चालतंय की" तिथे उपयोगी पडत नाही.

आता सरकारला एक प्रश्न. भिंत तीच, छप्पर तेच, एक वीट वाढलेली नाही. काल आत म्हैस होती, आज घोडा आहे. यात परवानगी कशाची? बांधकाम न वाढवता जुन्या गोठ्यात जनावर ठेवायचे असेल, मग ते कुणाचेही असो, तर साधी सूचना पुरेशी असावी. ही मागणी जिल्हा बैठकीत ठरावाने मांडली पाहिजे.

नदीकाठची गोष्ट मात्र निराळी. पवना, इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत शेड असेल तर नाद सोडा. चिखलीला त्या रेषेतले 36 बंगले मे 2025 मध्ये पाडले गेले. तिथे शेडची काय कथा? आणि पूर आल्यावर बांधलेला घोडा कोण सोडणार? लिदीचेही तसेच. एक घोडा दिवसाला वीसेक किलो लीद टाकतो, म्हणजे दहा घोड्यांची दोन क्विंटल. खत सोन्यासारखे आहे, पण उकिरडा शेजाऱ्याच्या विहिरीच्या चढाला केलात तर भांडण ठरलेले.

कोंबडीच्या जुन्या शेडबद्दल शेतीचा पदवीधर म्हणून जास्त सांगतो. ब्रॉयलरच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधे घालतात. कोंबडी जेवढे पचवते त्याच्या थोड्याशा अंशाने घोड्याचे हृदय निकामी होते. जुने खाद्य, पोती, भांडी, कोपऱ्यातली धूळ सगळे बाहेर काढा, जमीन धुवा, मगच घोडा आत घ्या. बुरशीचा मका घोड्याच्या मेंदूवर जातो, तो गुरांच्या गव्हाणीतूनही उचलून टाका. कोंबडीच्या शेडची जाळी हवेला उत्तम, पण पत्रा खाली असतो आणि बुजलेला घोडा डोके वर फेकतो. दहा-बारा फूट उंची हवीच. एका घोड्याला बारा बाय बारा फूट जागा आणि कोब्यावर जाड अंथरूण लागते. वैरणीची गंजी त्याच छपराखाली नको, ठिणगी पडली तर बांधलेली जनावरे वाचत नाहीत.

हा खर्च कोणी करायचा, मुलगा घोड्यावरून पडला तर भरपाई कोणाची, पाण्याचे बिल कोणाचे, करार संपल्यावर शेड कोणत्या अवस्थेत परत द्यायची, हे सगळे नोंदणीकृत करारात आले पाहिजे. आगाऊ रक्कम परवानगीचा कागद हातात पडल्यावरच घ्या.